दोन गोण्या, तेवीस किलो चारशे ग्रॅम: माझ्या भाच्याच्या एनडीपीएस केसची पूर्ण हकीकत

भाऊबीज होऊन तीनच दिवस झाले होते. ६ नोव्हेंबर २०२४, बुधवार, रात्री अकराच्या सुमाराला ताईचा फोन आला, रडणं आणि बोलणं एकात एक, मला एवढंच कळलं की पोराला पोलिसांनी धरलंय आणि गाडीत गांजा सापडलाय. "मना पोऱ्या तसा नही शे रे भाऊ," हेच ती परत परत म्हणत होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वकील नाही, कोर्टाची पायरी तोवर एकदाच चढलो होतो तीही वारस दाखल्यासाठी. पण पुढचे नऊ महिने भाच्याची फाईल माझ्याच पिशवीत होती, आणि त्यात जे शिकलो ते आपल्याकडच्या माणसांना कळावं म्हणून सगळं लिहून काढतोय. गावाचं, पोलीस स्टेशनचं, कोणाचंच नाव लिहीत नाही, केस अजून चालू आहे.

आधी काय घडलं ते. भाचा २६ वर्षांचा, चोपडा तालुक्यात केळीची भाडी मारतो. पिकअप दाजींच्या नावावर, फायनान्सवर घेतलेली. त्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शिवारातून केळीचे घड भरले, काट्यावर वजन केलं, पावती संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांची. काट्यावरून निघाल्यावर रस्त्यात एक माणूस उभा, काट्यावर दोन-तीनदा दिसलेला, नाव माहीत नाही. म्हणाला ढेपीच्या दोन गोण्या आहेत, मला चौफुलीपर्यंत सोड, दोनशे देतो. आपल्याकडे ड्रायव्हर लोक असं रोज करतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. गोण्या ताडपत्रीखाली टाकल्या, माणूस शेजारी बसला. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं म्हणून जागोजागी नाकाबंदी. साडेआठच्या आसपास पुढे बॅरिकेड दिसले तसा तो म्हणाला जरा थांब लघवीला जातो, आणि कपाशीत शिरला तो शिरलाच. भाच्याने दोन मिनिटं वाट बघितली, मागून हॉर्न वाजायला लागले म्हणून गाडी पुढे घेतली. ताडपत्री उघडली, गोण्या निघाल्या, आणि पंचनाम्यात लिहिलं गेलं: दोन गोण्या मिळून २३ किलो ४०० ग्रॅम, "हिरवट रंगाचा उग्र वासाचा पाने, फुले, बोंडे, बिया व काड्या मिश्रित ओलसर गांजा."

हे वाक्य मी आता झोपेतही म्हणू शकतो. त्यातले "काड्या", "बिया", "ओलसर" हे शब्द त्या रात्री आम्हाला कोणालाच महत्त्वाचे वाटले नाहीत, आणि नऊ महिन्यांनी जामीन मिळाला त्यात त्यांचाच मोठा वाटा होता.

आता कायद्यातलं वजनाचं गणित, कारण बाकी सगळं त्यावर लटकलेलं आहे. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा. गांजासाठी सरकारच्या २००१ च्या अधिसूचनेत दोन आकडे दिलेत, १ किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि २० किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण. कलम २० खाली अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड. व्यावसायिक असेल तर कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं आणि दंड १ ते २ लाख, आणि त्या १० वर्षांच्या खाली न्यायाधीशांनाही जाता येत नाही. म्हणजे १९ किलोला आणि २१ किलोला दोन वेगळी आयुष्यं. जामीनही तसाच. व्यावसायिक प्रमाण आलं की कलम ३७ आडवं येतं, म्हणजे सरकारी वकिलांना विरोधाची संधी द्यावी लागते आणि शिवाय कोर्टाला स्वतःला असं वाटावं लागतं की हा माणूस दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना हा परत गुन्हा करणार नाही. नेहमीच्या केसमध्ये वकील म्हणतो पोरगा गरीब आहे, पळून जाणार नाही, पहिलाच गुन्हा आहे. इथे तेवढ्याने भागत नाही.

भाच्याचे २३.४. वीसच्या वर फक्त तीन किलो चारशे.

पहिल्या रात्री आम्ही एक गोष्ट बरोबर केली आणि एक चूक केली. बरोबर हे की शेजारच्या पोराने दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून एफआयआरची कॉपी काढून दिली, त्यामुळे रिमांडला जाताना हातात कागद होता. ७ नोव्हेंबरला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं, चोवीस तासांच्या आत, ते नियमाप्रमाणे झालं. चार दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मिळाली, नंतर एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि पोरगा जळगावच्या जिल्हा कारागृहात. त्या पहिल्या रिमांडलाच वकील असायला हवा होता, नव्हता. आम्हाला वाटलं पहिल्या दिवशी वकील काय करणार. खरं तर अटकेची कारणं त्याला समजेल अशा भाषेत दिली का, घरच्यांना कळवलं का, हे त्याच दिवशी कोर्टाला विचारायचं असतं. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात हे फार ठासून सांगितलं की अटकेची कारणं सांगणं हा घटनेच्या कलम २२ चा हक्क आहे, तो पाळला नाही तर अटकच बेकायदा. आणि पैसे नाहीत म्हणून वकील नाही असं तर व्हायलाच नको, कारण विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही फुकट वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. १५१०० या नंबरला फोन केला तरी सांगतात. आम्हाला हे दोन महिन्यांनी कळलं.

चूक ही की कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस भेटला. अतिशय आपुलकीने बोलला, दाजींना नाना नाना म्हणत. म्हणाला दोन लाखात काम होईल, वजन कमी दाखवायला लावतो, पन्नास आता द्या. ताईने गळ्यातली पोत मोडली. मी तिथे होतो, मी अडवलं नाही, कारण त्या घडीला कोणी तरी हो म्हणतंय याचाच आधार वाटत होता. पन्नास हजार गेले. वजन ज्या रात्री पंचनाम्यात लिहिलं त्या रात्रीच ठरलेलं असतं, ते नंतर कोणी बदलू शकत नाही, आणि बदलायला पैसे देणं हा आपलाच वेगळा गुन्हा होतो. त्याच माणसाने जोडून दिलेल्या वकिलाने आम्हाला सांगितलं की ६० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर पोरगा आपोआप सुटतो. दाजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायचे.

या दिवसांच्या मोजणीत खूप घरं फसतात म्हणून सविस्तर लिहितो. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत चार्जशीट टाकलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, हे खरं आहे. मोजणी अटकेच्या रात्रीपासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून, हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये वाधवान प्रकरणात ठरवलं. पण मुदत किती? अल्प आणि मधल्या प्रमाणाला नेहमीचा कायदा लागतो, तिथे साधारण ६० दिवस. व्यावसायिक प्रमाणाला एनडीपीएसचंच कलम ३६अ लागतं, तिथे १८० दिवस, आणि सरकारी वकिलांनी तपास कुठवर आलाय आणि अजून कोठडी का हवी याचा रिपोर्ट दिला तर कोर्ट ती मुदत एक वर्षापर्यंतही वाढवू शकतं. आमच्या एफआयआरमध्ये व्यावसायिक प्रमाण लिहिलेलं. ७ नोव्हेंबर धरून साठावा दिवस ५ जानेवारी, रविवार. सोमवारी ६ तारखेला आम्ही सगळे अमळनेरला सत्र न्यायालयात, ताईने घरी पुरणाचं घालून ठेवलं होतं. अर्ज दहा मिनिटांत नामंजूर झाला. न्यायाधीशांची काही चूक नाही, कायदाच तसा आहे. पण ताई कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली ती उठेना, आणि परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

१८० वा दिवस ५ मे होता. चार्जशीट २४ एप्रिलला आलं, अकरा दिवस आधी. ते आलं नसतं तर १८१ व्या दिवशी सकाळी अर्ज टाकून ठेवावा लागला असता, कारण हा हक्क मागावा लागतो, मागायच्या आत चार्जशीट आलं तर गेला. त्यामुळे ज्यांच्या घरात आत्ता कोणी आत आहे त्यांनी पहिल्या रिमांडची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि वकिलाला एकच विचारा, आपली मुदत ६० ची का १८० ची.

जानेवारीनंतर आम्ही वकील बदलला. एका जुन्या विद्यार्थ्याने अमळनेरच्या एका वकीलसाहेबांचं नाव सांगितलं, वय साठीच्या पुढे, त्यांनी फाईल दोन दिवस ठेवून घेतली आणि मग मला एकट्याला बोलावलं. म्हणाले मास्तर, पोराला माहीत नव्हतं हे तुम्ही मला दहा वेळा सांगितलं, पण कायदा उलटा आहे. माल ताब्यात सापडला की कलम ३५ आणि ५४ प्रमाणे कोर्ट धरून चालतं की त्याला माहीत होतं, नव्हतं हे आपण सिद्ध करायचं. मग आपल्याकडे कागद काय आहे ते सांगा.

तिथून कामाची दिशा बदलली. मी काट्यावर गेलो, ६.४० च्या पावतीची त्यांच्या रजिस्टरमधली नोंद बघितली, काटेवाल्याला विनंती केली की हे रजिस्टर जपून ठेवा. केळीच्या व्यापाऱ्याने दुपारी पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, अमुक शेतातून माल भर, तो त्याच्या मोबाईलमध्ये होता. गेल्या दोन वर्षांच्या भाड्यांची वही, दाजी रोज लिहितात, ती. फायनान्सचे हप्ते वेळेवर भरल्याचं स्टेटमेंट. यातलं एकही त्याला निर्दोष ठरवत नाही, पण पोरगा रोज हेच काम करतो आणि त्या दिवशीचं भाडं खरं होतं एवढं तरी उभं राहतं. भाच्याच्या चुलतभावाने पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं की भाच्याच्या दुसऱ्या फोनमधले चॅट डिलीट करून टाकू, नको ते काही निघायला नको. देवाने बुद्धी दिली आणि आम्ही केलं नाही. डिलीट केलं असतं तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर आला असता, आणि आमच्याच उपयोगाचं जे होतं तेही गेलं असतं.

ताईला सगळ्यात मोठी धास्ती होती की चार दिवसांच्या पीसीआरमध्ये पोराने घाबरून काही कबूल केलं असेल. तो म्हणाला सही केली, कशावर ते वाचलं नाही. वकीलसाहेबांनी समजावलं की पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत, आणि एनडीपीएसमध्ये कलम ६७ खाली अधिकारी जो जबाब घेतात तोही २०२० च्या तोफान सिंग निकालापासून कबुलीजबाब म्हणून चालत नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

लोक काहीही सांगतात. एकाने सांगितलं गुन्हा कबूल करून टाक, कमी शिक्षा लागेल. अहो व्यावसायिक प्रमाणात कबूल केलं तरी खाली १० वर्षं ठरलेलीच, आणि प्ली बार्गेनिंग ७ वर्षांच्या वर शिक्षा असलेल्या गुन्ह्याला चालतच नाही. दुसऱ्याने सांगितलं झडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी नव्हता, केस उडाली समजा. कलम ५० अंगझडतीला लागतं, माणसाच्या अंगावर शोधायचं असेल तर त्याला सांगावं लागतं की मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घ्यायचा तुझा हक्क आहे. गोणी म्हणजे अंग नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगितलंय. भाच्याच्या खिशात मोबाईल आणि बाराशे रुपये होते, बाकी सगळं ताडपत्रीखाली. तो मुद्दा आमच्या कामाचा नव्हता आणि चांगल्या वकिलाची ओळख मला तिथे पटली की त्यांनी तो पहिल्याच भेटीत बाजूला ठेवला.

मग कामाचं काय होतं. एक, सूर्यास्तानंतर गाडीची झडती घ्यायची तर कलम ४२ प्रमाणे अधिकाऱ्याने कारणं लिहून ठेवायची असतात आणि ७२ तासांत वरिष्ठांना पाठवायची असतात. चार्जशीटमध्ये ते पत्र होतं पण आवक नंबर नव्हता. दोन, नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं, आमच्या केसमधला व्हिडिओ सुरू होतो तेव्हा गोण्या आधीच रस्त्यावर ठेवलेल्या आहेत. तीन, कलम ५२अ. जप्त मालाची यादी, वजन आणि सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर करायचं असतं. ते झालं, पण जप्तीनंतर सव्वीस दिवसांनी, आणि तिथे वजन भरलं २१ किलो ९००. ओला माल वाळला. गोण्यांसकट. वकीलसाहेबांनी आम्हाला आधीच बजावलं होतं की ५२अ चुकलं म्हणजे जामीन पक्का असं समजू नका, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये काशिफ प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की नुसत्या त्या त्रुटीवर जामीन मिळत नाही. पण वजनासाठी तो कागद सोन्यासारखा.

कारण चौथा आणि खरा मुद्दा हा. कायद्यात गांजा म्हणजे काय याची व्याख्या आहे, कलम २ मध्ये. गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात धरत नाहीत, आणि काड्यांचं तर त्यात नावच नाही. शिरपूरकडे डोंगरात गांजाच्या शेतीवर धाडी पडतात तेव्हा आख्खी झाडं उपटून तोलतात, तसंच आमच्याही गोणीत सगळंच एकत्र होतं. शेंडे किती, काड्या किती, वेगळी पानं किती, कोणी वेगळं करून तोललेलं नाही. सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणीच्या अहवालात, नमुना गांजाचा आहे एवढंच आलं, प्रमाण नाही. वरून दोन्ही वेळा गोण्यांसकट वजन. मी घरी तशाच दोन रिकाम्या गोण्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघितल्या, तागाच्या, दोन्ही मिळून दीड किलोच्या जवळ भरल्या. २१.९ मधून दीड वजा करा. वीस किलो चारशे. आता त्यातून काड्या काढा, फक्त काड्या. तो आकडा वहीत लिहिताना माझा हात थरथरत होता. हा काही कोर्टात द्यायचा पुरावा नव्हता, वकीलसाहेबांना फक्त दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले हे इथे नाही, औरंगाबादला हायकोर्टात मांडू.

दरम्यान फेब्रुवारीत सत्र न्यायालयात नेहमीचा जामीन अर्ज नामंजूर झालेला होता. हायकोर्टाचा खर्च आमच्याने झेपणारा नव्हता. भाच्याने तुरुंगातल्याच विधी सहाय्य केंद्रातून अर्ज केला आणि औरंगाबाद खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीने वकील दिला. तरुण बाई होत्या, फुकट मिळालेला वकील म्हणजे मन लावून करणार नाही अशी आमच्याकडे समजूत असते, मला तिथे अगदी उलटा अनुभव आला. त्यांनी मला सातवीच्या पोरासारखे प्रश्न विचारून विचारून तारखा पाठ करून घेतल्या.

गाडीचं वेगळं. पिकअप पोलीस स्टेशनच्या मागे उभी, टायर बसलेले, काचेवर चिमण्यांची घाण, आणि हप्ता चालू. एनडीपीएसमध्ये गाडी केस संपेपर्यंत सुटत नाही असं सगळे छातीठोक सांगत होते. तसं नाही. कलम ६० खाली गाडी जप्त होऊ शकते, पण मालकाने दाखवलं की माझ्या माहितीशिवाय आणि मी काळजी घेऊनही हे झालं तर वाचते, आणि केस चालू असताना बाँडवर ताबा मिळू शकतो. ७ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आसामच्या एका ट्रकच्या प्रकरणात, बिस्वजित डे, हेच सांगितलं की एनडीपीएस कायद्यात गाडी तात्पुरती सोडायला बंदी नाही. दाजी आरोपी नव्हते. त्यांना एकदा चौकशीला बोलावलं होतं तेव्हा ते भाड्याची वही आणि आरसी घेऊन वकिलांना विचारूनच गेले, जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. गाडी जूनमध्ये सुटली, विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावल्यावर आणायची अशा अटींवर. आठ महिन्यांचे हप्ते थकले ते आजही फेडतोय.

इथे एक दुसरी गोष्ट सांगून टाकतो कारण ती आमच्याच गल्लीतली आहे आणि लोक दोन्ही एकच समजतात. त्याच हिवाळ्यात एका घरच्या १९ वर्षांच्या पोराकडे चाळीस-पन्नास ग्रॅमच्या पुड्या सापडल्या. तो स्वतः ओढायचा, घरच्यांना वर्षभर माहीत होतं, कोणी बोललं नाही. त्याच्या आईने मला विचारलं, "आते काय करानं भाऊ, आम्हाले बी नऊ महिने का?" नाही. ते अल्प प्रमाण, मॅजिस्ट्रेटसमोरच चालतं, कलम ३७ ची ती भिंत तिथे नाही, पोरगा तीन दिवसांत जामिनावर आला. आणि अशा पोरांसाठी कायद्यात एक दार आहे जे फार कोणी उघडत नाही. कलम ६४अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार असेल तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. दोषी ठरल्यावरही कलम ३९ प्रमाणे कोर्ट शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. आम्ही १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाईनला फोन करून केंद्र विचारून घेतलं. त्याच्या बापाचा सुरुवातीला विरोध होता, गावात नाव होईल म्हणून. मी बापाला म्हटलं नाना, नाव तर एफआयआरमध्ये झालंच आहे. मी शिक्षक म्हणून शाळेच्या मागे बसणारी पोरं बघतो, गांजा पिकवणारा आणि विकणारा आत जावा असं मला आजही मनापासून वाटतं. पण ओढणारं आजारी पोर, दोनशे रुपयांसाठी गोणी घेणारा ड्रायव्हर आणि डोंगरात बसलेला मालक, तिघांना एका तराजूत घालू नका एवढंच माझं म्हणणं आहे. आमच्या केसमधला कपाशीत पळालेला माणूस अजून सापडलेला नाही.

हायकोर्टात अर्ज जुलैमध्ये लागला. पहिल्या तारखेला सरकारने वेळ मागितला, दुसऱ्या तारखेला नंबर आला नाही. जळगावहून एसटीने अजिंठ्याचा घाट चढून जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, रात्री परत. त्या वर्षी श्रावणात ताईने आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीचे रोट केले नाहीत, म्हणाली पोरगा घरात नाही तर मी कोणाच्या तोंडाने बसवू. तिसऱ्या तारखेला, १३ ऑगस्ट २०२५, सुनावणी झाली, वीस मिनिटंही नाही. वकीलबाईंनी पंचनाम्यातलं तेच वाक्य वाचलं, पाने फुले बोंडे बिया व काड्या, मग ५२अ चं वजन, मग व्याख्या. मग सांगितलं की आधीचा एकही गुन्हा नाही, नऊ महिने झाले, आरोप निश्चित व्हायचे आहेत, साक्षीदार सतरा. खटला लांबला तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो हे सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या मोहम्मद मुस्लिम प्रकरणात म्हटलंय, पण तिथला माणूस सात वर्षांहून जास्त आत होता, आमचे नऊच महिने, म्हणून त्यांनी त्याच्यावर भर दिला नाही, वजनावर दिला. मुंबई उच्च न्यायालयाने याच व्याख्येच्या मुद्द्यावर आधी जामीन दिलेले आहेत ते निकाल पुढे ठेवले. कोर्टाने म्हटलं की प्रमाण व्यावसायिक आहे का याबद्दल या टप्प्यावर शंका आहे. कलम ४२ चा मुद्दा खटल्यात बघू. जामीन मंजूर, ५० हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.

मंजूर झाला म्हणजे त्याच दिवशी सुटतो असं आम्हाला वाटलं होतं. ऑर्डर अपलोड व्हायला दोन दिवस, मधे १५ ऑगस्ट, शनिवार-रविवार. जामीनदाराला सातबारा, ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, फोटो सगळं लागतं, तहसीलमधून दाखला आणायला वेळ जातो. जामीनदार आधीच ठरवून कागद तयार ठेवा, त्यासाठी जामिनाची वाट बघत बसू नका. मी स्वतः जामीनदार राहिलो, कागद जूनपासून तयार होते, तरी पोरगा २० तारखेला संध्याकाळी बाहेर आला. दोन दिवसांवर पोळा. तुरुंगाच्या दारात त्याने माझ्या पाया पडायच्या आधी विचारलं, मामा गाडी कुठंय.

अटी अशा की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोलीस स्टेशनला हजेरी, परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही. एक हजेरी चुकली तरी सरकार जामीन रद्द करायला अर्ज देऊ शकतं, म्हणून सही करून आल्यावर तो मला फोन करतो. जामीन म्हणजे सुटका नव्हे, खटला चालायचाच आहे, दहा वर्षांची टांगती तलवार तशीच आहे. नंतर आरोप निश्चित झाले. पहिला पंच साक्षीला आला तेव्हा आमच्या वकीलसाहेबांनी उलटतपासात एवढंच विचारलं की गोण्या रिकाम्या करून वेगळ्या तोलल्या होत्या का. तो नाही म्हणाला. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

भाचा परत केळीची भाडी मारतो. आता कोणीही गोणी टाकायला आला की तोंड सोडून आत हात घालून बघतो, मालकाचा आणि गोणीचा मोबाईलवर फोटो काढतो, आधार दाखव म्हणतो. काही व्यापारी चिडतात, दोघांनी भाडं देणं बंद केलं. पुढची तारीख महिनाभरावर आहे, दुसरा पंच यायचा आहे.